आक्का, मे महिन्यात सहस्रकुंडाला पाणी नसतं

प्रिय आक्का,

काल संपादकांचा फोन आला. एप्रिल लागला की लोकांना रसवंती आठवते, तसा त्यांना मी आठवतो. म्हणाले, उन्हाळी पर्यटनाचं पान यंदा लवकर द्या. दोन जत्रा घ्या, एखादा किल्ला घ्या, लेणी घ्या, आणि एखादा धबधबा टाका. एखादा धबधबा टाका! भाजीवर कोथिंबीर टाकतात तसा. मी हो म्हणालो, कूलर लावला, टेबलाशी बसलो. 'धबधबा' एवढा एक शब्द लिहिला आणि हात पुढं सरकेना.

म्हणून त्या पानाच्या जागी तुला लिहितोय. तू जाऊन चार महिने झाले. हे पत्र तुला पोचणार नाही, एवढी अक्कल मला आहे. पण पोचणार नाही म्हणून लिहायचं नाही, ही फार सोयीची गोष्ट झाली, आणि सोयीच्या गोष्टी मी आजवर पुष्कळ करून घेतल्या आहेत.

सात वर्षं मी ते पान लिहिलं. हत्तीबेट, खरोशाची लेणी, औशाचा आणि कंधारचा किल्ला, माहूर, चैत्रातल्या गावोगावच्या जत्रा, बसवजयंतीच्या मिरवणुका. एका वर्षी तर उनकेश्वर सुचवलं. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात लोकांना गरम पाण्याच्या झऱ्यावर पाठवणारा लेखक मराठवाड्यात मी एकटाच असेन. यातली अर्धी ठिकाणं मी पाहिलेलीच नव्हती आणि उरलेली भलत्याच ऋतूत पाहिली होती. दर रविवारी दुसऱ्यांच्या ढोंगावर सदर लिहिणारा मी, उन्हाळ्यात असा सुटीवर जायचो.

रेणापुरात मात्र ते पान म्हणजे सरकारी हुकूम होता. दाजी गेल्यावर किराणा दुकान तू चालवायचीस, आणि एप्रिलात माझं पान दुकानाच्या फळीवर खळीनं चिकटवायचीस. आमच्या मल्लूनं लिहिलंय, खोटं कशाला असंल, असं गिऱ्हाइकांना सांगायचीस. साखर न्यायला आलेला माणूस हत्तीबेटाला जायचं ठरवून घरी जायचा. कधीकधी साखर विसरून!

ती माणसं जाऊन आली की तुला येऊन सांगत आणि तू मला फोन करायचीस. खरोशाला चढताना पाय भाजतात, चप्पल काढू नका म्हणून लिही. कंधारला दुपारचं जाऊ नका म्हणावं. माहूरच्या पायऱ्या चढायच्या आधी वयस्कर माणसांनी चार घास खाऊन घ्यावेत. मी हो हो म्हणायचो आणि त्यातलं एक अक्षर लिहायचो नाही. मला 'कातळात कोरलेली शांतता' लिहायची होती. तळपाय भाजतात ही गोष्ट माझ्या शैलीत बसत नव्हती.

मला घेऊन चल, असं मात्र तू कधी म्हणाली नाहीस. तुझं सगळं फिरणं रेणापूर ते लातूर आणि लातूर ते रेणापूर. फोनवर फक्त विचारायचीस, "खरोशाला येष्टी थांबती का रे, का गाडी करावी लागती?" घरासमोर गाडी उभी असलेल्या पन्नाशीच्या भावाला या प्रश्नाचा अर्थ कळत नाही का? कळत होता. मी म्हणायचो, स्टँडवर चौकशी कर.

न नेण्याचं कारण माझ्याकडं तयार होतं. तुझी लिंगपूजा. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन, पाणी घालून, विभूती लावून पूजा झाल्याशिवाय तू पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाहीस. प्रवासात हे लटांबर कुठं सांभाळायचं, असं मी घरात बोलायचो. मग त्यावर एक सदरच लिहून टाकलं. सहलीला निघालेली एक आत्याबाई, तिची वाटेत पूजा, आणि तिच्यापायी जीपमध्ये ताटकळलेले बारा जण. लई गाजलं. लग्नात लोक थांबवून टाळ्या द्यायचे.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला होता.

"ती बाई मीच का रे, मल्लू?"

"नाही गं. काल्पनिक आहे ती."

"बरं लिहिलास. फकस्त पूजेला अर्धा तास लागतो म्हणलास बघ. धा मिन्टं लागतात."

मी हसलो होतो, आक्का. तेही पुढं दोन ठिकाणी किस्सा म्हणून सांगितलं.

आता गेल्या वर्षीचं. पानात धबधबा हवाच होता, म्हणून मी सहस्रकुंड लिहिलं. पैनगंगेवरचं ते पाणी मी कॉलेजच्या सहलीत एकदा पाहिलं होतं. ऑगस्टात. लिहिताना ऑगस्ट वगळला. 'रणरणत्या मे महिन्यात अंगावर येणारे गार तुषार' असं छापून आलं, वर कुठून तरी उचललेला पावसाळ्यातला फोटो. त्या आठवड्यात तू फोन केलास. म्हणालीस, "सहस्रकुंडाला उन्हाळ्यातबी पाणी असतंय का रे?" मला वाटलं, आली पुन्हा गाडीवर. मी तोडून टाकलं, "लिहिलंय ना आक्का! छापून आलंय की." तू बरं म्हणालीस आणि ठेवून दिलास.

यापुढचं मला तुझ्यामागं घातलेल्या शिवगणाराधनेच्या जेवणाच्या दिवशी कळलं. पंगत बसली होती. शेजारच्या शकुंतलाबाई माझ्यासमोर बसल्या आणि सगळ्यांदेखत सांगू लागल्या. त्यांना वाटलं, मला ठाऊक असेल.

तुम्ही दोघी पहाटे रेणापूरहून निघालात. दहाला नांदेडच्या स्टँडवर. तिथं दोन तास किनवटच्या गाडीची वाट बघत बसलात. माझं घर तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर. मी त्या वेळी काय करत होतो, हे तुला सांगायला लाज वाटते. पानाचा दुसरा भाग लिहीत होतो.

शकुंतलाबाईंनी डबा काढला. तू जेवली नाहीस, पाणीही घेतलं नाहीस. का? तर आज पूजा सहस्रकुंडाच्या वाहत्या पाण्यानं करायची, असं तू ठरवून निघाली होतीस. धाकट्या भावानं लिहिलंय, लांबूनच तुषार अंगावर येतात!

दुपारी तीनला तुम्ही पोचलात. काळा कातळ. खाली डोहात हिरवं पडलेलं थोडं पाणी, त्यात म्हशी. आक्का, मे महिन्यात सहस्रकुंडाला पाणी नसतं. हे तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला नव्हतं.

तुझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. शकुंतलाबाईंनी धरून सावलीत बसवलं आणि त्यांच्या बाटलीतलं उरलेलं गरम पाणी पुढं केलं. पी म्हणाल्या, देव रागवत नसतो. तू नाही ऐकलंस. त्याच पाण्यानं आधी पूजा केलीस आणि मग उरलेला घोट घेतलास. धा मिन्टं लागली.

मग शकुंतलाबाई माझ्या नावानं बोटं मोडू लागल्या, तर तू म्हणालीस, "त्यानं पावसाळ्यात जा म्हणून लिहिलंय. मीच चुकीचं वाचले." त्यांनीही ते पान वाचलं होतं, पण तुझ्या तोंडाकडं बघून तेव्हा गप्प बसल्या; हे आणि यापुढचं त्यांनी पंगतीत पुढं वाकून मला एकट्यालाच सांगितलं. संध्याकाळी नांदेडला परत आल्यावर त्या म्हणाल्या, भावाच्या घरी जाऊ, अंग टाकायला मिळेल. तू ऐकलं नाहीस. तुम्ही दोघी माझ्याच गावात एका यात्री निवासात सतरंजीवर झोपलात. तेव्हाचं तुझं बोलणं शकुंतलाबाईंनी जसंच्या तसं सांगितलं, "आता गेलो तर माझ्या तोंडावरून कळंल त्याला. लिहिणाऱ्याचं मन लई हलकं असतंय. लिहायचं सोडंल तो."

खोटं बोलायला तू अशी कुठं शिकलीस गं? की पहिल्यापासूनच बोलत होतीस? मी सहा वर्षांचा असताना जत्रेत मला पाळण्यात बसवून तू खाली माझ्या चपला धरून उभी राहिलीस. तू का नाही बसत विचारलं, तर म्हणालीस, मला भोवळ येते. तू तेव्हा वीस वर्षांची होतीस आणि चिंचेच्या शेंड्यावर चढायचीस.

अजून सगळं सांगून झालं नाही. पंगतीत शकुंतलाबाईंचं संपलं तेव्हा कुणीतरी हसलं. कारण रेणापुरात ही गोष्ट तू असेपर्यंत सहा-सात महिने चालू होती, फक्त तू सांगितलीस तशी, चूक तुझीच म्हणून; फळीवरचं पान तू परत आल्याबरोबर खरवडून काढलं होतंस. नळाला पाणी आलं नाही की गल्लीत म्हणायचे, आक्काचं सहस्रकुंड झालं बघ. दुकानात तुझ्या तोंडावर म्हणायचे. एवढा शिकलेला भाऊ, आणि बहिणीला पेपर नीट वाचता येईना! तू हसायचीस म्हणे, वरून जास्तीचा गूळ द्यायचीस.

त्या दिवशी पंगतीत तो विनोद पुन्हा झाला. वाढपीही हसला. आणि मीही हसलो, आक्का. तुझ्या फोटोला घातलेला हार अजून सुकला नव्हता, आणि तुझी चूक नव्हती हे सांगायला माझ्याकडं अख्खी पंगत होती. मी पुरणावर तूप वाढून घेतलं. शकुंतलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या. मग पत्रावळ उचलून निघून गेल्या.

तू गेलीस ती हृदयानं, आणि त्या उन्हाचा तुझ्या जाण्याशी संबंध नाही, असं डॉक्टर सांगतात. मी तीन वेळा विचारून घेतलं. का विचारतोय, हेही त्यांना कळलं असावं.

गेल्या आठवड्यात मी सहस्रकुंडाला जाऊन आलो. एसटीनं. वाटलं, पाणी न पिता जावं. अर्ध्या वाटेतच बाटली उघडली. सहस्रकुंडाचा चहावाला म्हणाला, पाणी बघायचं तर आगस्टात या. गेल्या मे महिन्यात दोन-चार घरं पेपराचं कात्रण घेऊन आली होती, त्यात दोन म्हाताऱ्या होत्या, एकीला चक्कर आली होती. "लिहिणारा कोण हाय तो एकदा घावला पायजे," म्हणाला. मी चहा पिऊन उठलो. चांगला झाला होता, एवढंच म्हणालो. तोंडाळ म्हणून ज्याची ख्याती, त्याची ही तऱ्हा.

येताना नांदेडला घरी न थांबता तसाच पुढं रेणापूरला गेलो आणि शकुंतलाबाईंना म्हणालो, पावसाळ्यात तुम्हाला गाडीनं नेतो. त्या दारातच उभ्या होत्या. ये बस म्हणाल्या नाहीत.

"मला नगं न्हेऊ. मी बघून आले. तू आधी आक्काचं नाव मोकळं कर."

मला घरी गेल्यावर समजावणारी माणसं आहेत. म्हणतात, विसर, एवढं काय, एक विनोदी लेख लिही स्वतःवर, मन हलकं होईल. तेच मला करायचं नाही. स्वतःवर विनोद केला की लोक म्हणतात, वा, काय मोठं मन! तुझ्या चक्करेवर मला मोठं मन कमवायचं नाही.

संपादकांना सांगितलंय, यंदाचं पान मिळणार नाही, हे पत्र छापा. छापतील का, माहीत नाही. छापलं तरी पुरेसं नाही. छापलेल्यावर आपल्या घराण्यात कुणी विश्वास ठेवावा, अशी सोय मी ठेवलेली नाही.

म्हणून तुला शब्द देतो. बसवजयंतीला रेणापुरात येतो. मिरवणूक निघायच्या आधी सगळं गाव चौकात उभं असतं, तुझी गिऱ्हाइकं, पंगतीतली माणसं, शकुंतलाबाईही. त्या सगळ्यांसमोर उभा राहून मोठ्यानं सांगणार आहे, कोटी न करता, कुणाला हसवायचा प्रयत्न न करता: आक्कानं बरोबर वाचलं होतं. खोटं मी लिहिलं होतं.

तुझा,
मल्लू