अर्जदाराच्याच विनंतीवरून घातलेली तेलबंदी उठवणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
वाईमालो रुग्णालय, टोंगा.

अर्जदार: किटिओने लोलोहेआ, फरशी व स्वच्छता विभाग (विभागात अर्जदार एकटाच आहे).

विषय: स्त्रियांच्या वॉर्डात रुग्णास तेल चोळण्याची मनाई बुधवारची बोट सुटण्यापूर्वी उठवणेबाबत.

संदर्भ: १) तेल चोळण्यास मनाई व्हावी असा अर्जदाराचाच दि. ३ फेब्रुवारी २०२५ चा अर्ज.
२) तो मंजूर करणारा आपला आदेश.

महोदया,

खाली सही करणारा अर्जदार सविनय, परंतु घाईत, पुढीलप्रमाणे सादर करतो.

१. संदर्भ वाचून आपण कपाळाला हात लावाल याची अर्जदारास कल्पना आहे. ज्याने मनाई मागितली तोच ती उठवा म्हणतो. अर्जदाराची प्रकृती ठीक आहे. ठीक नाही ती त्याच्या आईची, आणि हा अर्ज तिच्यासाठी आहे.

२. आपणास स्मरत असेल की जानेवारीत वॉर्डाच्या व्हिनाइल फरशीवरचे पिवळे पडलेले जुने पॉलिश अर्जदाराने खरवडून काढले. मशीन जिथे पोचत नाही त्या कोपऱ्यांत गुडघ्यांवर बसून काढले. मग खिडक्या बंद करून, वाळू उडून येऊ न देता, नव्या पॉलिशचे पातळ हात दिले. एक पुरता वाळल्याशिवाय दुसरा दिला नाही. छतावरचा पंखा फरशीत फिरताना दिसू लागला. आपण स्वतः दाराशी चपला काढून आत आलात, हे अर्जदार विसरलेला नाही.

त्यानंतर नातेवाईक आले. प्रत्येक रुग्णामागे मावश्या, आत्या, एक चटई आणि फुलं घालून केलेल्या खोबरेल तेलाची बाटली. पायांना तेल, पाठीला तेल, उरलेलं जमिनीवर. तेल लाद्यांच्या सांध्यांत शिरतं, त्यावर वाळू चिकटते, आणि वरून दिलेला पॉलिशचा हात उन्हाने भाजलेल्या कातडीसारखा सोलून निघतो. एकदा तर खिडकीजवळच्या बायकांनी डाग पडलेला पाहून, अर्जदाराला तेवढीच मदत म्हणून, तेच तेल फडक्याने सगळ्या फरशीवर चोळून ठेवलं. त्या दिवशी अर्जदाराचा तोल गेला व त्याने संदर्भ क्र. १ लिहिला. त्यात "तेलाने कोणी बरे होत नाही, फरशी मात्र बिघडते" असे एक वाक्य आहे. ते वाक्य अर्जदाराच्या सहीसकट वॉर्डाच्या दारावर लावलेले आहे.

३. आदेशाची अंमलबजावणी चोख झाली. सिस्टर लोसालिने दारातच बाटल्या काढून घेतात आणि नाव लिहून फळीवर ठेवतात. फरशीला तेव्हापासून डाग नाही. अर्जदार इतके दिवस वॉर्डातून नाक वर करून फिरत होता.

४. गेल्या गुरुवारी अर्जदाराची आई मेलेनाइटे हिला बाहेरच्या बेटावरून बोटीने आणले. पाय सुजलेले, चार पावलांत धाप. पायांतले पाणी उतरेपर्यंत तिला हलवू नये, बोटीचा प्रवास तिच्या हृदयाला झेपणार नाही, असे आपणच सांगितले आहे. सोबत अर्जदाराची थोरली बहीण आतेलाइते आली. तिने उन्हात ठेवून केलेल्या तेलाची बाटली दारात जप्त झाली.

थोरल्या बहिणीचा मान काय असतो हे आपणास सांगायला नको. ती वॉर्डात असली की अर्जदार रीतीप्रमाणे व्हरांड्यात उभा राहतो. तर तिने विचारले की हा नियम कोणाचा. सिस्टरने दारावरचा कागद दाखवला. तिने तो सावकाश वाचला आणि व्हरांड्यात ऐकू जाईल अशा आवाजात सिस्टरला एवढेच म्हणाली, "सही त्याचीच आहे. अक्षरं मीच गिरवून घेतली होती त्याच्याकडून." अर्जदार चार दिवसांत तिच्यासमोर गेलेला नाही.

५. आईने भिंतीकडे तोंड केले आहे. ती जेवत नाही. बहीण नसताना अर्जदार समजूत काढायला गेला, तेव्हा ती म्हणाली, "तुझी फरशी आजारी आहे की मी? तिला हातावर हात देतोस आणि माझ्या पायाला बोट लावायची बंदी करतोस. बुधवारच्या बोटीनं मला घरी ने. आपल्या चटईला तेलाचं काही वाटत नाही."

६. यानंतर अर्जदाराने निरनिराळे उपाय योजले. आईच्या खाटेभोवतीचे पॉलिश काढून तेवढ्याच लाद्या उघड्या ठेवाव्यात. किंवा खाट सिमेंटच्या व्हरांड्यात न्यावी. किंवा आईस खाटेसह अर्जदाराच्या पोछे-बादल्यांच्या खोलीत दाखल करून घ्यावे, खोली कोरडी आहे. किंवा खाटेखाली शिडाचे कापड अंथरावे व ते रोज अर्जदाराने समुद्रावर नेऊन धुवावे. सिस्टर लोसालिनेंनी हे सर्व ऐकून घेतले व म्हणाल्या, "तुमच्याच अर्जावर नियम झालाय ना? मग आता वरती तुम्हीच लिहा." म्हणून लिहिले आहे.

परंतु लिहिताना असे लक्षात आले की एका खाटेपुरती सवलत मागणे बरोबर नाही. या चार महिन्यांत इतर बायकाही भिंतीकडे तोंड करून पडत. अर्जदार त्यांच्या खाटांखालून मशीन फिरवताना, बिचाऱ्या झोपल्या आहेत, असे समजत होता. त्याची अर्जदारास लाज वाटते. मनाई सर्वांसाठी उठवावी. फरशीचे काय ते अर्जदार पाहून घेईल. दर आठवड्यास तेलकट जागा धुऊन काढील, लागेल तिथे नवा हात देईल, आणि कोणाजवळ कुरकुर करणार नाही.

७. आता जे सांगायचे ते परवानगीपूर्वी घडले आहे, त्याची जबाबदारी एकट्या अर्जदाराची. काल रविवारी बहीण प्रार्थनेला गेली असता अर्जदाराने फळीवरून बाटली घेतली. सिस्टरची पाठ औषधांच्या कपाटाकडे होती. ती तशी किती वेळ होती याची चौकशी होऊ नये. अर्जदाराने आईच्या पायांना हलक्या हाताने तेल लावले. रविवारी काम करू नये हे खरे, पण याला काम म्हणता येत नाही.

थोड्या वेळाने चर्चमधले गाणे सुरू झाले. इथून ते नीट ऐकू येत नाही, असे आई म्हणाली आणि पाय खाली सोडून बसली. मग अर्जदाराच्या दंडाला धरून उठली. खिडकीपर्यंत गेली. गाणे संपेपर्यंत उभी होती, परत आली, आणि बहिणीने झाकून ठेवलेला तारोचा उकडलेला कंद मागून घेऊन खाल्ला. इथे आल्यापासून ती पहिल्यांदाच उभी राहिली, हे केसपेपरवरून पडताळता येईल.

८. फरशीवर तेलाची पावले उमटल्यास ती तत्काळ पुसावीत असा नियम आहे. तोही अर्जदाराच्याच अर्जातला. अर्जदाराने ती पुसलेली नाहीत व आज सकाळपासून तिथे कोणाला पोछा फिरवू दिलेला नाही.

बुधवारपूर्वी निर्णयाची वाट पाहणारा,
आपल्या फरशीचा सेवक,
(सही) किटिओने लोलोहेआ
सोमवार, दि. १६ जून २०२५

सहपत्र: अर्जास जोडता येत नाही. खाट क्रमांक चारपासून खिडकीपर्यंत, आणि परत. कृपया समक्ष पाहावे. येताना कडेने चालावे.