मसाल्याचा डबा हिलरीला

मी, श्रीमती जोसेफीन सॅम्युअल तुस्कानो, वय वर्षे त्रेसष्ट, मूळची वसईची, सध्या राहणार उम्म अल हस्सम, मनामा, बहारीन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे धड नाहीत, डोके धड आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. तसे करायला घरात कोणी उरलेलेही नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे वाचन माझे मी केले. जिथे वाक्य वकिली नसेल तिथे अर्थ बघावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे दफन इथेच करावे. सॅम्युअल, माझा नवरा, इथे पुरला आहे. त्याच्या शेजारी जागा मिळणार नाही असे मला सांगण्यात आले आहे. त्याच दफनभूमीत कुठेही चालेल. मला वसईला नेऊ नये. तिथे धाकटा दीर हिलरी चारचौघांत रडेल आणि ते मला पडल्या पडल्या ऐकावे लागेल.

२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी शेजारीण निवेदिता दामले हिने करावी. बँकेत असेल त्यातून दफन आणि भाडे भागवावे, उरेल ते तिने ठेवावे. शिवणयंत्र सुरैयाला, जिच्या दुकानात मी कपडे शिवते. तिने यंत्राला तेल घालत जावे. मी सांगून थकले.

३. सॅम्युअलच्या कानशी, मोजमापाचे व्हर्नियर, हातोड्या आणि जुन्या रायफलींच्या सुट्या भागांचे सगळे कॅटलॉग सॅम्युअलचे इथले दोस्त, अराद गावचे बू राशिद यांना द्यावेत.

सॅम्युअल जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता. बू राशिद यांच्या घरी त्यांच्या आजोबांची रायफल होती: अमेरिकन, शंभराहून जास्त वर्षांची, खालचा लिव्हर पुढे ढकलून मागे ओढला की नवे काडतूस वर येते अशी. काडतूस उचलून नळीसमोर धरणारा तिच्या पोटातला तुकडा मोडला होता. आम्ही घरात त्याला पळी म्हणायचो. बू राशिद यांच्याकडे परवाना होता, पळी नव्हती. त्या जातीची रायफल बनणे कधीच बंद झाले आहे, आणि आधीच्या घडणीचा भाग नंतरच्या घडणीत बसत नाही. अमेरिकेतले विकणारे आखातात पाठवायला तयार नव्हते. सॅम्युअलने पळी दोनदा स्वतः घडवली. एक वाकली, दुसरीत काडतूस अडकले. त्याची नजर मंद, म्हणून कॅटलॉग मी वाचायचे. इंग्रजी मी त्याच पानांवर शिकले. आधी स्क्रू, स्प्रिंग, पिन. गोष्टींची पुस्तके नंतर. संध्याकाळी तो विचारायचा, मी वाचून सांगायचे. आमचा संसार सुखाचा होता, त्याबद्दल एवढेच लिहिते.

पळीच्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे. पुन्हा कुठे सापडली तर बू राशिद यांनी आधी ती इथे आणायच्या परवानगीचे कागद करावेत. हे त्यांना सांगायची गरज नाही. ज्याला होती त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

४. पळी एकदा सापडली होती. हिलरीच्या ओळखीच्या एका बंदूकविक्रेत्याकडे तशीच मोडकी रायफल आली, तिच्यातून हिलरीने ती काढून घेतली आणि फोन केला. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी भाजी निवडत होते.

“तुझ्याकडेच ठेव,” सॅम्युअल म्हणाला. “बू राशिद कागद करतोय. कोणाच्या सामानात घालू नकोस.”

“अरे दादा, मसाल्यात हात घालून कोण बघतो?”

“हिलरी, नाही म्हणजे नाही.”

हिलरी हसला आणि आमची जेवणे झाली का विचारू लागला.

थोड्याच दिवसांत त्याची मुलगी जोॲन इथे नर्सच्या नोकरीवर यायची होती. आखातात येणाऱ्याच्या हाती घरचे काहीतरी देतात, बोंबील, लोणचे, मसाला. घेणारा डबा उघडून बघत नाही. घरच्यांवर संशय घेतल्यासारखे दिसते. जोॲननेही बापाने दिलेला मसाल्याचा डबा उघडला नाही. विमानतळावरच्या स्कॅनरला मात्र आतले दिसले.

आम्ही तिला घ्यायला गेलो होतो. आत बोलावले. टेबलावर कागदावर मसाला ओतलेला, मधोमध पळी, आणि खुर्चीत जोॲन. सॅम्युअलने पळीकडे पाहिले, जोॲनकडे पाहिले आणि अधिकाऱ्याला सांगितले की ही मी मागवली, मुलीला काही ठाऊक नाही. ती एवढेच म्हणाली, “काका, मला सांगायचं तरी.”

बू राशिद परवाना घेऊन धावत आले म्हणून कोणी तुरुंगात गेले नाही. पळी जप्त झाली. जोॲनचा व्हिसा रद्द झाला आणि तिला परतीच्या विमानात बसवले. सॅम्युअलची नोकरी गेली. बू राशिद यांनी त्याला आपल्या बोटींच्या वर्कशॉपमध्ये घेतले.

त्या दिवशी विमानतळावरून घरी येताना मी सॅम्युअलला विचारले, खोटे का बोललास. तो म्हणाला, “माझ्यावर रागावली तर तिचा एक काका जाईल. बापावर रागावली तर तिला जायला घर राहणार नाही. तू बोलायचं नाहीस, जोसे.”

मी बोलले नाही. हिलरी वसईभर सांगत फिरला की दादाच्या रायफलीच्या वेडापायी माझ्या पोरीचे वाटोळे झाले. सलमानिया रुग्णालयात शेवटच्या आजारात सॅम्युअल विचारायचा, जोॲनचा फोन आला का. आला नव्हता. तो गेल्यावर हिलरीने कुटुंबाच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांचे चित्र टाकले. जोॲनने तेही नाही. जोॲन, तुझे नुकसान झाले हे खरे. पण तुझा काका त्याआधी कधी तुझ्याशी तसा वागला होता का, एवढे तरी आठवायचे होतेस. हे माझ्या मनात आहे आणि मी ते खोडत नाही.

५. वसईचे घर सॅम्युअल आणि हिलरी यांच्या नावावर निम्मे-निम्मे होते. सॅम्युअलच्या मृत्युपत्राप्रमाणे त्याच्या हिश्श्यावर आता माझे नाव लागले आहे, हिलरीने जमेल तेवढा वेळ काढला तरी. तो हिस्सा, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, ओटा आणि विहिरीचा हक्क, मी जोॲन हिलरी तुस्कानो हिला देते. अट कोणतीही नाही. तिने कबरीवर यावे असे नाही, माझ्याबद्दल चांगले बोलावे असेही नाही.

सॅम्युअलने मला गप्प बसवले ते तिचे घर जाऊ नये म्हणून. आता तिचे स्वतःचे घर आहे, ते तिचा बाप बंद करू शकत नाही. त्याच्यावर रागवायचे की नाही, हे तिने आपल्या ओट्यावर बसून ठरवावे.

हे मृत्युपत्र सर्वांत आधी जोॲनच्या हातात द्यावे. तिला मराठी सावकाश का होईना वाचता येते. हिलरीने तिला वाचून दाखवू नये.

६. विमानतळावरून मसाल्याचा डबा आम्हाला परत मिळाला. तळाशी थोडा मसाला आहे. मी तो वापरला नाही, आणि डबा धुतलाही नाही. तो हिलरीला द्यावा. झाकण घट्ट बसले आहे. त्याने ते जोॲनसमोर उघडावे.

वरचा मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि एकही शब्द मऊ केला नाही. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते.

(सही)
जोसेफीन सॅम्युअल तुस्कानो

बाईंनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. चंद्रशेखर मोरेश्वर आपटे, उम्म अल हस्सम
२. कश्मिरा वरुण नाबर, उम्म अल हस्सम

ठिकाण: मनामा, बहारीन
दिनांक: ४ फेब्रुवारी २०२५