न टाकलेलं पाकीट

शुक्रवार, ३१ जुलै १९९८, संध्याकाळ

परत तेच केलं मी. कथा आज पोस्टात पडली असती तरच सोमवारी पुण्याला पोचली असती, दिवाळी अंकाची मुदत संपायच्या आत. पाऊण तास रांगेत उभा होतो. नंबर आला, कारकुनानं हात पुढे केला, आणि मी पाकीट मागे ओढलं. म्हटलं, "नको, आत एक ओळ बदलायचीय."

"साहेब, आम्ही उघडून वाचत नाही, द्या बिनधास्त!" तो म्हणाला. मागचे सगळे हसले. मी बाहेर पडलो.

घरी येऊन पाकीट फाडलं. ती ओळ ठीकच होती. मला तिथेही माहीत होतं.

सलग तिसरं वर्ष. दोन वर्षं म्हणत होतो, माझं अक्षर घाण आहे, कोण वाचणार? म्हणून यंदा ताईनं शाळेतून दमून येऊन चार संध्याकाळी सगळी कथा स्वतःच्या अक्षरात उतरवली. "तुझं अक्षर बघून संपादक पळून जाईल रे," म्हणायची. ते कारणही गेलं. मग आज काय आडवं आलं? साभार परत येईल ही भीती? की छापून येईल आणि सगळ्यांना कळेल, हा एवढाच आहे?

पाठवली नाही तोवर मी मोठा लेखक. कसला लेखक!

ताई मघाशी दारातून विचारून गेली, "टाकलंस ना रे?"

म्हटलं, "हो. रजिस्टरनं."

"बरं झालं बाबा," म्हणाली, आणि तिचं दुखणारं मनगट चोळत स्वयंपाकघरात गेली.