ज्याचा फोन आधी, तो हरला

प्रिय भानुदास,

'प्रिय' वाचून हसू नकोस. पंचावन्न वर्षं मी तुला भान्या म्हणत आलो आणि तू मला एका दमात 'गुरुजी'ही म्हणायचास आणि 'बे'ही. पण पत्राला काहीतरी मायना लागतो, आणि तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. एकाच गावात राहणारी माणसं एकमेकांना पत्र कशाला लिहितील?

आज का लिहितोय ते सांगतो. काल चंद्रकला वहिनींबरोबर नेकनूरच्या बाजारात गेलो होतो. तुझी मेंढरं विकायला. तुला जाऊन सात महिने झाले. पोरगं पुण्याला कंपनीत, वहिनींचे गुडघे धरलेले, मेंढरांमागं फिरणार कोण? राग मानू नकोस. तिथं वहिनी एक गोष्ट बोलल्या आणि ती ऐकल्यापासून मला घरात बसवत नाही. तीच सांगायला हे पत्र लिहितोय. पण आधी या सात महिन्यांत मी काय काय बघितलं ते ऐकून घे. दुसऱ्या कुणाला सांगू?

बीडला एकटाच जाऊन एक सिनेमा बघितला. गावाकडचा, विनोदी. गावाकडचा म्हणजे काय, तर नायकाचं धोतर परीटघडीचं, विहिरीला पाणी काठोकाठ, आणि प्रत्येक वाक्यात एक 'हाय' टाकला की झाली आपली भाषा. त्यातला पाटील बोलतो कोल्हापूरचं, त्याची बायको बोलते विदर्भातलं, आणि पोरगी थेट पुण्याची. एका घरात तीन जिल्हे! एका जागी मात्र मला खरंच हसू आलं. हसलो आणि सवयीनं डावीकडं बघितलं, तू हसतोस का म्हणून. तिथं कॉलेजातला एक पोरगा मोबाईल बघत बसला होता. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचा सगळा सिनेमा तोंड मिटून काढला.

तू असतास तर त्या सिनेमातल्या गाईवर बोलला असतास. नट बरे की वाईट हे तू कधी आधी सांगितलंच नाहीस. आधी जनावर. 'गुरुजी, ती गाय गाभण हाय आन् हे तिला दोन तांबे दूध काढाया लागलंय.' मग मी म्हणायचो, अरे गाईचं काय घेऊन बसलास, पटकथा बघ. झालं, तिथून सुरू.

मग एक नाटक बघितलं, नाट्यगृहात. म्हातारा-म्हातारी दोनच पात्रं. पहिल्याच अंकात माईक बंद पडला. लोक ओरडायला लागले, मागून शिट्ट्या. त्या म्हाताऱ्या नटानं काय करावं? भूमिका न सोडता काठी टेकत पुढं आला, अगदी काठावर, आणि आधी बोलत होता त्याहून हळू आवाजात बोलायला लागला. हळू, भान्या! आणि अख्खं सभागृह गप्प झालं. शेवटच्या ओळीतलं माणूसही पुढं वाकून ऐकत होतं. वर्गात पोरं गोंगाट करायची तेव्हा मी जन्मभर आवाज चढवला, आणि या माणसानं उतरवला. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. बसस्टँडवरूनच आमच्या मंडळींना फोन लावला. ती नातवासाठी पुण्यातच राहते आता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, जेवलात का?" तिचं काही चुकलं नाही. पण मला जेवणाबद्दल बोलायचं नव्हतं.

आणि सप्ताहातलं भारूड. दरवर्षीचाच तो लुगडं नेसून नाचणारा बाबा आला होता. त्याला तुझी सवय लागलेली. तू पहिल्या ओळीत घोंगडी टाकून बसायचास आणि त्यानं सवाल टाकला की बसल्या जागेवरून उलटा जबाब द्यायचास. तुमची जुगलबंदी बघायला लोक यायचे, भारूड राहिलं बाजूला. यंदा त्यानं पदर खोचून विचारलं, "कुटं गेलं ते माझं मेंढकं? आज तोंड का बंद हाय त्याचं?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी सरपंचांनी हात हलवून खूण केली. टाळकऱ्यांकडं वळून त्या बाबानं पुढचं पद धरलं. मी उठून घरी आलो.

घरी येऊन काय करायचं, हा मोठा प्रश्न. पूर्वी सिनेमा संपला की आपलं खरं काम सुरू व्हायचं. मोटारसायकलवर मी पुढं, तू मागं, आणि बीडपासून आपल्या नांदूरघाटापर्यंत भांडण. मी गाडी चालवायचो म्हणून माझा आवाज वाऱ्यावर तुझ्याकडं जायचा आणि तुझा मला अर्धाच ऐकू यायचा, म्हणून तू माझ्या पाठीत बोट खुपसून मुद्दे मांडायचास. गावात शिरेपर्यंत कुणी हार मानायची नाही. मग आपला नियम. दुसऱ्या दिवसापासून ज्याचा फोन आधी, तो हरला. पुढचा सिनेमा जिंकणाऱ्यानं निवडायचा. कधी दोन दिवस लागायचे, कधी चार. एकदा तू नुसता मिस कॉल दिलास आणि तो फोन म्हणून धरायचा की नाही यावर आपण पारावर अर्धा तास भांडलो. पोरासोरांनी हसावं असा पोरखेळ. म्हातारे झालो होतो, पण नियम मोडावा असं दोघांनाही वाटलं नाही.

आता तो शेवटचा सिनेमा. आठवतो ना? त्या मेंढपाळाचा. सगळी मेंढरं बाजारात विकतो आणि मोकळ्या हातानं निघून जातो. मेंढरं ओरडत राहतात आणि हा एकदाही मागं वळून बघत नाही. तिथंच संपतो. मी चिडलो होतो. मांजरसुंब्याला चहाला थांबलो तेव्हा हॉटेलातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, हे खोटं आहे, जन्म ज्यांच्यामागं घातला त्यांच्याकडं माणूस एकदा वळूनही बघणार नाही? तू एवढंच म्हणालास, "न्हाई गुरुजी. बरूबर दाखवलंय." का बरोबर, ते मी विचारायला हवं होतं. मी काय म्हणालो?

मी म्हणालो, "तुला मेंढरं कळत असतील, सिनेमा काय कळतो? चौथीच्या पुढं शाळेचं तोंड बघितलंस का?"

बाजूच्या टेबलावरचे दोघे हसले. तू कप खाली ठेवलास. अर्धा चहा तसाच होता. "चला गुरुजी, मेंढरं वाट बघत असतील," म्हणालास, आणि गावापर्यंत माझ्या पाठीला तुझं बोट लागलं नाही.

मला त्याच दिवशी कळलं होतं की चुकलं. खोटं कशाला बोलू? पण फोन केला तर हरलो असं होणार. माफी मागायची आणि वर सिनेमाही हरायचा, हे मला जमेना. उद्या त्याचा येईल, परवा येईल, असे अठरा दिवस काढले. तुझ्या घरावरून दोनदा गेलो, मान खाली घालून. अठराव्या दिवशी सकाळी तू मेंढरं सोडायला गेलास, छातीला हात लावून तिथंच बसलास, तो उठलाच नाहीस. मला निरोप आला तेव्हा फोन वाजला म्हणून मी हसलो होतो, भान्या. मला वाटलं, तुझाच फोन, जिंकलो.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तर काल. चौसाळ्याकडच्या एका माणसानं सगळा कळप घेतला. चांगला वाटला, हात फिरवून बघत होता जनावरांवरून. वहिनींनी तुझी काठी त्याच्या हातात दिली, पदर डोक्यावर घेतला आणि वळून चालायला लागल्या. मागं मेंढरं ओरडायला लागली. ती काळ्या तोंडाची म्हातारी मेंढी सगळ्यात जास्त. वहिनी सरळ चालत राहिल्या. मला ते बघवेना. मी म्हणालो, "वहिनी, एकदा बघा तरी तिच्याकडं."

"चला गुरुजी. तुमी बी मागं बघू नका."

बाजाराच्या बाहेर लिंबाखाली आल्यावर त्या बसल्या. डोळ्यांतून नुसतं पाणी चाललं होतं, पुसतही नव्हत्या. म्हणाल्या, "आपलं तोंड दिसलं की येत्यात वं माघारी. मग त्यो नवा मालक हाणतो त्यास्नी. आपल्या जिवाला बरं वाटावं म्हनून त्येंनी कावून मार खायाचा?"

मी तिथंच मातीत बसलो. मला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण त्या बोलल्याच. "तुमच्यासंगं बीडाहून आले त्या दिशी हे लई खूश होते. म्हनले, पैल्यांदा कुनी तरी खरं दाखवलं, त्यानं नक्की मेंढक्याला इचारलं आसल. गुरुजीला समजून सांगायचं राह्यलं म्हनले. म्या म्हनलं, करा की मग फोन. तर म्हनले, गुरुजीचा येतोय की."

खूश होतास? मी तुला चारचौघांत तसं बोललो, ते घरी सांगितलंही नाहीस? अठरा दिवस तू रागानं नाही, भरवशानं थांबलास?

तुझंही चुकलंच. एवढं माहीत होतं तर तिथंच हॉटेलात माझं तोंड बंद करायचंस. निदान एक मिस कॉल द्यायचास. मी धरला नसता.

मी हरलो, भान्या. सिनेमा तुझ्यासारखा मला कधीच कळला नाही. मी पडद्यावरच्या माणसाचा चेहरा बघत राहिलो, आणि तू त्याच्या मागं ओरडणाऱ्या मेंढरांचा विचार करत होतास.

तुला एक वचन देतो. 'तुला काय कळतं' हे वाक्य मी आता कुणालाच म्हणणार नाही. चौतीस वर्षं फळ्यापुढं उभा राहून किती पोरांना म्हणालो असेन, देवाला ठाऊक. आता नाही. आणि बीडला जात राहीन, बघत राहीन, आधी जनावर बघेन आणि मग माणूस.

आणखी एक. तू म्हणशील, मागं बघू नका गुरुजी. ते तुम्हा लोकांना जमतं. मी मेंढका नाही, मला जमणार नाही. मी वळून बघणार, रोज बघणार. बघितलं की माघारी येतात म्हणे.

तुझा,
दत्तू गुरुजी