किल्ली नसलेल्या कुलपाची व कलम चौदाची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावीस, कुलूपवाल्याचा मुलगा, शिक्षण नववी (अपुरी), काम लेखनिकाचे, आज मंगळवार दि. २० रोजी हा कागद स्वतःच्या हाताने, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. दाखला मागितला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अरे, आपण हृदयाची झडप बदलतोय, डोकं नाही." तरी मी तो लेखीच घेतला. तोंडच्या शब्दाला पावती नसते.

ऑपरेशन शुक्रवारी दि. २३ रोजी आहे. शंभरातले सत्त्याण्णव जण चालत घरी जातात, असे डॉक्टर सांगतात. उरलेल्या तिघांचे विचारले की ते घड्याळ पाहतात. म्हणून हा कागद. यापूर्वी वयाच्या एकोणिसाव्या व तेविसाव्या वर्षी केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. घर व दुकान. खालचे कुलपांचे दुकान व वरची खोली माझ्या धाकट्या बहिणीच्या मालकीची होईल. दुकान आजही तीच चालवते. मेहुण्यांचे नाव कागदावर लागू नये. मेहुणे वाईट नाहीत, पण दर भेटीत ते भिंतीवर टकटक करून पाहतात, आणि मनात काही नसलेला माणूस भिंत वाजवत नाही. पतपेढीतली शिल्लकही बहिणीलाच. खोलीतला शब्दकोश मात्र शेजारच्या शिंपीकाकांच्या नातीला द्यावा. त्याचे 'क्ष' पासूनचे शेवटचे पान सुटले आहे, ते मी आत खोचून ठेवले आहे. हरवू नये.

कलम २. वडिलांची हत्यारे. एकोणीस कानशी, दोन हातोड्या, व्हाइस, आणि कोऱ्या किल्ल्यांचा डबा, हेही बहिणीला. याबाबत थोडे लिहिणे भाग आहे.

वडील कारागीर पहिल्या प्रतीचे. पण त्यांनी कुलपांची घडण स्वतःपुरती ठेवली. कोऱ्या किल्ल्या स्वतःच्याच साच्यातून काढायचे, त्यामुळे त्यांच्या कुलपाची दुसरी किल्ली गावात इतर कोणाला करता येत नसे. "गिऱ्हाईक बांधलेलं बरं, नाहीतर सुटतं," असे ते म्हणत. कोणत्या घराला कोणत्या खाचा, हे त्यांच्या डोक्यात होते. मी चौदा वर्षांचा असताना ते दुकानातच बसल्याजागी गेले. हीच झडप. तिसऱ्या दिवसापासून दारात माणसे उभी राहू लागली. कोणाचे कपाट अडकले, कोणाचे गोदाम. एका बाईच्या पेटीत तिच्या आईचे औषध होते. ती नुसती उभी राहिली. मी शाळा सोडली आणि दोन वर्षे अंदाजाने खाचा घासून एकेचाळीस घरांची कुलपे उघडली. त्या बाईच्या पेटीला अकरा दिवस लागले. तोवर औषधाचा उपयोग उरला नव्हता. अजूनही आम्ही समोरासमोर आलो की एक जण रस्ता बदलतो. बहुतेक मीच.

एक कुलूप उघडलेच नाही. पितळी, तळहाताएवढे, बंद. त्याचे गिऱ्हाईकही कधी आले नाही. त्याची व्यवस्था कलम ५ मध्ये केली आहे.

कलम ३. नोकरी. वयाच्या विसाव्या वर्षी मी संगणकांच्या यंत्रशाळेत वायरी ओढण्याच्या कामावर लागलो. अनेक संस्थांचे संगणक एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एक मोठे काम करून घेतात, त्याला ग्रिड म्हणतात. कंपनीच्या संगणकांवर भाड्याने जागा घेऊन आपले काम तिथे ठेवतात, त्याला क्लाउड म्हणतात. आमच्या इमारतीत दोन्हींचे खुले मानक ठरवणारी समिती बसते. मानक म्हणजे एवढेच, की एका कंपनीकडे ठेवलेले आपले काम उचलून दुसरीकडे न्यायचे झाले, तर त्याचे गाठोडे कसे बांधायचे, हे सर्वांनी मिळून ठरवायचे आणि ते चार लोकांना वाचता येईल असे लिहून ठेवायचे. म्हणजे भाडेकरूला घर सोडताना घरमालकाच्या पाया पडावे लागू नये.

टेबलावर समितीचे कार्यवृत्त पडले होते. त्यातल्या चुका मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि कागद होता तसा ठेवला. अध्यक्षबाईंनी सगळ्यांसमोर विचारले, "हे कोणाचे उद्योग?" मला वाटले, नोकरी गेली. त्यांनी मला लेखनिक केले. गेली पाच वर्षे मसुद्याचा प्रत्येक शब्द माझ्या हातून गेला आहे. मसुद्यातले कलम चौदा माझे आहे. म्हणजे सही समितीची, पण शब्द माझे: गाठोड्याला कंपनीने स्वतःचे कुलूप लावू नये, आणि ते सोडायला तिची परवानगी लागू नये.

कलम ४. संशय. मी हे आरोप म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहितो.

समितीत सर्वात मोठ्या कंपनीचे एक प्रतिनिधी आहेत. सगळे त्यांना माघारी गोडबोल्या म्हणतात. गुरुवारी दि. १५ रोजी दुपारी साडेतीन वाजता मी ऑपरेशनची गोष्ट एकट्या अध्यक्षबाईंना सांगितली. चार वाजून दहा मिनिटांनी गोडबोल्यांची दुरुस्ती सर्वांना पोचली: सुरक्षेसाठी गरज वाटल्यास कंपनीला गाठोड्यास स्वतःचे कुलूप लावता येईल. गरज कोणाला वाटल्यास, तर कंपनीला. म्हणजे सोमवारी दि. २६ च्या बैठकीत हे पास झाले की कलम चौदा संपले. चाळीस मिनिटे. आमच्या समितीत आक्षेप कोणालाही, लेखनिकालाही, घेता येतो; पण गप्प बसणे म्हणजे होकार, आणि आक्षेप घेणारा किंवा त्याने लेखी नेमलेला माणूस बैठकीला हजर नसेल तर आक्षेप आपोआप निकाली निघतो. मी आक्षेप त्याच दिवशी नोंदवला आहे. सोमवारी मी नळ्या लावून पडलेला असेन. बाकी आठ जणांना कलम चौदा आवडते, पण गोडबोल्यांसमोर उभे राहायला कोणालाच आवडत नाही.

शनिवारी ते दुकानात आले. हातात फळांची पिशवी. म्हणाले, "तू निवांत बरा हो रे. कलमं काय, कुठं पळून जातात?"

मी म्हटले, "पळत नाहीत. त्यांना पळवतात."

ते हसले. फळे मी खाल्ली नाहीत. मेहुण्यांनी खाल्ली, त्यांना काही झाले नाही, हेही नोंदवतो.

अध्यक्षबाईंनी मला माणसात आणले. त्यांनीच ही बातमी फोडली असे लिहावेसे वाटत नाही, पण सांगितले होते फक्त त्यांना.

कलम ५. ते पितळी कुलूप मी गोडबोल्यांना देतो. किल्ली नाही. सुरक्षित आहे.

कलम ६. दप्तर. पाच वर्षांतला प्रत्येक मसुदा, कोणी कोणत्या दिवशी काय खोडायला लावले त्याची नोंद, आणि कलम चौदा का लिहिले गेले याचे सर्व पुरावे माझ्याकडे आहेत. कोणी फेरफार करू नये म्हणून ते मी माझ्याच खुणांनी लिहून, माझ्याच पद्धतीने बंद करून ठेवले आहेत. उघडण्याची रीत तीन भागांत आहे. एक भाग बहिणीकडे, एक शिंपीकाकांकडे, तिसरा माझ्या डोक्यात. या मृत्युपत्राचे पाकीट लाखेने बंद करून माझ्या मरणानंतरच फोडावे.

येथपर्यंत लिहून झाल्यावर मी खाली जेवायला गेलो. परत आलो तर बहीण खुर्चीत बसून हा कागद वाचत होती. पुढचे तिच्या तोंडचे जसेच्या तसे देतो, कारण कार्यवृत्त लिहिण्याची मला सवय आहे.

"दादा, बैठक सोमवारी ना?"

"सोमवारी."

"आणि हे फोडायचं तू मेल्यावर."

"हो."

"मग सोमवारी तू जिवंत असलास आणि नुसता पडून असलास, तर?"

मी चौदा कलमांचा मसुदा पाच वर्षे सांभाळला आणि शंभरातल्या तिघांचीच तजवीज केली. सत्त्याण्णवांची राहिली.

ती पुढे म्हणाली, "आणि हा तिसरा भाग तुझ्या डोक्यात. तू गेलास तर मी काय, डोक्याला कानस लावू?"

"फेरफार होऊ नये म्हणून—"

"बाबापण हेच म्हणायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान. त्या पेटीवाल्या बाईंना आज जाऊन विचार, त्या सांगतील तुला कलम चौदा काय ते."

मग तिने माझा संगणक पुढे ओढला आणि मला एक गोष्ट दाखवली. मी रजेवर आहे, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, कारण ऑपरेशन, असे उत्तर मला पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपोआप जात होते. ते मीच गुरुवारी दुपारी पावणेचार वाजता सुरू केले होते. तारखा बिनचूक होत्या.

मी लिहिलेले खोडत नाही. खाली दुरुस्ती जोडतो, तीच माझ्या कामाची रीत आहे. त्याप्रमाणे:

दुरुस्ती, कलम ४ ला. अध्यक्षबाईंविषयीचे वाक्य मागे घेतो. त्यांना फोन करून सांगितले. त्या म्हणाल्या, "पाच वर्षांत पहिल्यांदा तू स्वतःची चूक काढलीस. नीट हो आणि ये." गोडबोल्यांविषयीचे काही मागे घेत नाही. माझी रजा वाचून पंचवीस मिनिटांत दुरुस्ती पाठवणारा माणूस ती आधीच लिहून बसलेला असतो.

दुरुस्ती, कलम ६ ला. दप्तरावरचे कुलूप आज दुपारी चार वाजता काढले. खुणांचा अर्थ सांगणारी यादी वर जोडली आणि समितीचे मसुदे जिथे कोणालाही वाचता येतात, तिथे सर्व काही ठेवले. फेरफार कोणी केलाच, तर आता तो सगळ्यांना दिसेल. हे मला आधी सुचायला हवे होते, इतरांना मी हेच शिकवत आलो.

दुरुस्ती, कलम ५ ला. पितळी कुलूप गोडबोल्यांना द्यायचेच, पण सोमवारनंतर. सोमवारी ते बहिणीला लागेल. माझ्या आक्षेपावर बोलण्यासाठी मी तिला नेमले आहे. नेमणुकीचा कागद वेगळा केला असून तो आजपासून लागू आहे, मी जगलो तरी. ती आधी नको म्हणाली.

"मला तुमचं ते ग्रिड-क्लाउड काही कळत नाही. तिथं सगळे शिकलेले. मी काय बोलू?"

"कुलूप टेबलावर ठेव. म्हणावं, ज्याला सुरक्षेची गरज वाटते त्यानं चहा संपेपर्यंत उघडून दाखवावं."

"आणि नाही उघडलं तर?"

"मग त्या पेटीची गोष्ट सांग."

तिने कुलूप हातात घेऊन उलटेसुलटे फिरवले. मग म्हणाली, "त्या बाईंना बरोबर घेऊन जाते. दार उघडं असतं ना तिथं सगळ्यांना?"

असते. तो नियमही माझ्याच अक्षरात आहे. त्या येतील की नाही, माहीत नाही. संध्याकाळी मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन विचारणार आहे, आणि या वेळी रस्ता बदलणार नाही.

वरील सर्व मजकूर मी दोनदा वाचला. तिसऱ्यांदा बहिणीने वाचू दिला नाही.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही: (सही)

साक्षीदार, आमच्यादेखत सही केली:
१. शेजारचे शिंपीकाका (सही). त्यांनी वर हेही लिहायला सांगितले की, "पोराला लाख आणायला मी गेलो होतो, दुकान बंद होतं."
२. डॉक्टर (सही). डोके तपासलेले नाही.

स्थळ: दुकानावरची खोली.
दिनांक: २०, मंगळवार, सायंकाळी पाच.

पाकीट चिकटवलेले नाही. ते दुकानाच्या गल्ल्यावर ठेवले आहे. ज्याला वाचायचे असेल त्याने वाचावे.