नलूच्या पुढच्या दातांविषयी

कळंब,
१२ डिसेंबर १९६१

प्रिय बाबाराव,

दरवेळी तुला चिरंजीव लिहितो. आज लिहीत नाही. चार वर्षांच्या भाचीचे दुधाचे दात पाहून ज्याला मरणाची धास्ती बसते, त्याला तो शब्द शोभत नाही. तुझं कार्ड नलूची आई, तुझी बहीण भागीरथा, वाचत होती. निम्म्यावर तिने ते माझ्या हातात दिलं. उरलेलं मीच अक्षरं लावत वाचलं. नलूचे खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात, असे दात मामाला खातात, म्हणून दिग्रसच्या बाजारातला दात उपटणारा घेऊन येतोस! वा रे मास्तर! मी चौथी नापास, तू पोरांना विज्ञान शिकवतोस. पाच वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतल्यावर घरातले देव नदीत सोडताना सगळ्यांत पुढे तूच होतास. मला म्हणालास, "बाबा, भेता कायले?" देव गेले, आणि त्यांच्या जागी तू पोरीचा जबडा बसवलास?

मला अन्न गोड लागेना. शेवटी नलूला घेऊन एसटीने यवतमाळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरने तिला दात मिटायला लावले, ओठ वर करून पाहिलं. वरचे दात थोडे बाहेर आणि खालचे आत, असं बसायला हवं; हिचं उलटं बसतं, एवढंच. काही लेकरांचं असतं म्हणाला. दातांमधल्या फटी चांगल्या, मोठे दात यायला जागा राहते. आता उपटले तर ती जागाच बिघडेल. सहाव्या वर्षी पुन्हा दाखवा. मी तुझं कार्ड पुढे केलं. तो हसला. "बाबाजी, मामा दिग्रसले, पोरगी कळंबले. इतक्या दुरून चावते काय हे?" लाज मला वाटली, कार्ड तुझं होतं.

येताना एसटीत नलूने विचारलं, "आबाजी, मामाले माहे दात कायले पाह्यजे? त्याले नाहीत काय?" मी म्हटलं, मामालाच विचारू. तू शिकलेला आहेस, उत्तर तू सुचव.

आता तुला कोणी सांगितलं नाही ते सांगतो. तुझेही दुधाचे दात असेच बसत. तू तीन वर्षांचा असताना तुझा मामा उकंडा विहीर खणताना दरडीखाली गेला. गावातल्या बाया तुझं तोंड उघडून पाहायला आल्या. तुझी आई भावाला माती देऊन आली होती, तिने तुला पोटाशी धरलं आणि ओरडली, "माह्या लेकराच्या दातानं दरड पडली काय?" आणि मी, तुझा बाप, वर्षभर तुला मांडीवर घेतलं नाही. तू धावत यायचास, मी बैलांचं निमित्त करून उठायचो. पुढे तुझे दात पडले, नवे सरळ आले, पण ते वर्ष माझ्याकडून भरून निघालं नाही. भीती अजून जात नाही, आणि एकुलता मुलगा आहेस म्हणून तुझ्यासाठीच वाटते. तरी सांगतो, त्या माणसाला आणलंस तर दारातूनच दोघांना परत पाठवीन. एकटा ये. आल्याबरोबर, हातपाय धुवायच्या आधी, पोरीला उचलून घे. मला ते जमलं नव्हतं.

तुझाच, पण या बाबतीत नलूचा,
बाप किसन