मागचं फाटक

टेमघर, भिवंडी
२ जून २०२५

ती. भाऊस,
सुनीतीचा शि. सा. न. वि. वि.

गंधार कसा आहे? फोन केला की तो तुझ्या शेजारीच बसलेला असतो, मग मी विचारणार काय? म्हणून हे पत्र. तुझ्याकडे राहायला आल्यापासून तो दारूला शिवलेला नाही, हे तू सांगतोस तेव्हा खरं वाटतं. माझा मुलगा स्वतः सांगतो तेव्हा भीती वाटते. दसऱ्याच्या सुमाराला घरी यायचं म्हणतोय, तर मी आत्तापासूनच डबे घासायला काढलेत. हस हवं तर.

आता चांगली बातमी. माझ्या बालवाडीला नवं फाटक मिळालं! आमच्या घराखालचा गाळा विकत घेतलेले हितेशशेठ स्वतः आले. रस्त्यावर कंटेनर किती धावतात, बच्चों का मामला है, असं म्हणत त्यांनी मागच्या गल्लीत फाटक बसवून दिलं आणि रस्त्याकडचं जुनं विटांनी बुजवलं. अर्जावर सही माझी, नारळही मीच फोडला. आमची मदतनीस बकुळा तेवढी कुरकुरली. म्हणाली, बाई, ह्यो मानूस हसतो, पन त्याचं डोलं हसत न्हाय. तिला मेलीला कुणाचं कौतुक म्हणून नाही.

माया आहेच तुझी. सध्या माझा वाटाही माझ्या पोराला दे.
तुझी,
सुनीती

गणेशपुरी
१४ जून २०२५

चि. सुनीतीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गंधार बरा आहे. भाताचा पेरा त्यानंच केला. दिवेलागणीला मात्र त्याच्या हातांची चुळबुळ सुरू होते. तेव्हा मी त्याला विहिरीवर पाणी ओढायला लावतो आणि काठावर बसून राहतो. यंत्रमागाच्या कारखान्यातली त्याची जागा मालकांनी एक ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवलीय, हे कळल्यापासून स्वारी खुशीत आहे.

तुझ्या फाटकाचं अभिनंदन करावं तर मनात पाल चुकचुकते. लहानपणीही कुणी फुकट गोळी दिली की तू ती तोंडात टाकून मोकळी व्हायचीस, आणि कुणी दिली हे तू घरी आल्यावर मला विचारावं लागायचं. तेव्हा आताही विचारतो. शेठ त्या गाळ्यात विकणार काय आहेत?

जपून राहा, आणि या म्हाताऱ्यावर रागावू नकोस.
तुझा,
भाऊ

टेमघर, भिवंडी
१० सप्टेंबर २०२५

ती. भाऊस सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. गाळ्यात दारूचं दुकान येतंय.

शाळेच्या फाटकापासून ठरावीक अंतराच्या आत असं दुकान चालत नाही, आणि ते अंतर चालायच्या वाटेनं मोजतात, हे मला आता कळलं. शेठना आधीच ठाऊक होतं. उत्पादन शुल्काच्या कचेरीत हरकतींची सुनावणी झाली. मी गेले, आमचं फाटक गाळ्याच्या अगदी तोंडासमोर होतं असं ओरडून सांगितलं. तिथल्या साहेबांनी शांतपणे फाटक हलवायचा माझाच अर्ज पुढे केला. मोजणी नव्या फाटकापासून, गल्लीचा वळसा घालून झाली. अंतर भरलं, मंजुरी मिळाली. आमची इमारत सोसायटीची असती तर नियमानं रहिवाशांची संमती तरी घ्यावी लागली असती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

बाहेर शेठ भेटले. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, गंधार कधी येतोय? भाऊ, मी त्यांच्यापुढे त्याचं नाव कधीच काढलं नव्हतं.

त्याला पाठवू नकोस. आमचा जिना त्या शटरला लागूनच आहे. नोकरी गेली तर जाऊ दे. त्याला यातलं काही सांगूही नकोस.

तुझ्याशिवाय मला कोण आहे?
सुनीती

गणेशपुरी
१९ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
गंधारचा सा. न.

मामांनी तुझं पत्र मला वाचायला दिलं. त्यांच्यावर रागावू नकोस. लपवाछपवीनंच या पोराची वाट लावली, असं ते म्हणाले.

हितेशला मी ओळखतो. नाक्यावरच्या त्याच्या जुन्या दुकानातलं मी रोजचं गिऱ्हाईक होतो. माझी यायची वेळ त्याला पाठ होती. मी दारात दिसलो की बाटली काउंटरवर आलेली असायची. हे दुकान त्यानं माझ्यासाठी टाकलेलं नाही, पण माझ्यासारख्यांसाठीच टाकलंय.

खोटं लिहीत नाही. तुझं पत्र वाचून आधी तोंडाला पाणी सुटलं, राग मागून आला. त्या पाण्याचीच मला भीती वाटते. इथेच राहावं, तर वज्रेश्वरीच्या रस्त्यावरही मिळतेच. संध्याकाळी मामा सोबत असतात म्हणून मी तिकडे वळलो नाही, एवढंच. आणि ही नोकरी गेली तर मी पुन्हा उभा राहणार नाही, हे मला आतून माहीत आहे. म्हणून अठ्ठावीस तारखेला, रविवारी येतोय. संध्याकाळच्या एसटीनं. दुसरी गाडी मिळत नाही.

तुझ्या पोरांना मागचं फाटक मिळालं. आपल्या घराला जिना एकच. तेव्हा स्टँडवर घ्यायला ये. बालवाडीत नव्यानं आलेलं पोर आत नेतेस, तसा माझा हात धर. लोक हसले तर हसू देत. हितेशनं हाक मारली तर माझे पाय थांबतील, आई. तू थांबू नकोस.

तुझा,
गंधार